दप्तराविना मोंढ्यात

परभणीच्या नव्या मोंढ्यापासून आमचे घर चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. लग्न होऊन या घरात आले, त्याला अठरा वर्षे झाली. या अठरा वर्षांत घरातील प्रत्येक सण, प्रत्येक दुखणे, मुलांच्या फीची प्रत्येक पावती मोंढ्यातील आडतीच्या दुकानावरच भागली. तरीही लिलाव चालू असताना मी मोंढ्यात कधी पाऊल टाकले नव्हते. महावीर निर्वाणाच्या दिवशी वहीपूजनाला दुकानात जायचे, पूजन आटोपले की परतायचे, एवढाच माझा आणि मोंढ्याचा संबंध. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरच्या शनिवारी तो पालटला, आणि तोही सातवीच्या बेचाळीस मुलांमुळे.

त्याचे झाले असे. धाकटी ज्या शाळेत सातवीत शिकते, तेथून दिवाळीपूर्वी पालकसभेचे पत्र आले. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित. शहरातील व्यापाऱ्यांची, नोकरदारांची मुले आहेत. पण निम्म्याहून अधिक मुले आसपासच्या खेड्यांतून एस.टी.च्या पासावर येणारी. आपल्या समाजातील मुले आता तेथे मोजकीच उरली आहेत. सभेत मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितले, की यंदा सहावी ते आठवीच्या वर्गांचे दहा दिवस दप्तराविना होणार आहेत, त्यांतील बरेचसे शनिवारी, आणि त्यासाठी पालकांची मदत हवी. 'मदत' हा शब्द निघताच पुरुषांच्या बाकांवरून आवाज आला, “बाई, काय पाहिजे ते सांगा. पाण्याचं यंत्र देऊ का?” दुसरे एक गृहस्थ म्हणाले, “वर्गखोलीचा रंग आमच्याकडे.” आमच्या घरातर्फे दोन वर्षांपूर्वी चार पंखे दिले होते. त्यांच्याकडे माझी नजर गेली आणि खोटे कशाला सांगू, मनाला बरे वाटले. बाई हसून म्हणाल्या, “पंखे आहेत, पाणी आहे, रंगही पुढच्या वर्षी बघू. मला शनिवारी सकाळी चार माणसं हवीत.” त्यावर सभेत जी शांतता पसरली, ती मी अजून विसरलेले नाही. शनिवारी सकाळी दुकान असते. शनिवारी सकाळी शेतात कापूस असतो. आमचे हे खाली बघत होते. मी हात वर केला तो बहुधा त्या शांततेच्या लाजेनेच.

कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, त्या काळात त्यांनी गावातील सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ बसून काम पाहावे आणि करावे, असे म्हटले आहे. त्याच्या मार्गदर्शक सूचना भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने जुलै २०२४ मध्ये काढल्या. त्याच वर्षी आपल्या राज्याने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. त्याही मागे जायचे, तर १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडलाच होता, आणि दप्तराच्या ओझ्यावर यशपाल समितीने १९९३ साली अहवाल दिला होता. पालकांचा सहभागही कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. हे सारे कागदावर आहेच. बेचाळीस मुले घेऊन मोंढ्यासमोरचा रस्ता ओलांडायचा असतो, तेव्हा मात्र चार मोठी माणसे लागतात.

पहिला शनिवार मोंढ्याचा ठरला, कारण वर्गातील जवळजवळ प्रत्येक घर कोणत्या ना कोणत्या बाजूने मोंढ्याशी बांधलेले होते. कोणाचा बाप माल घेऊन येतो, कोणाचा हमाली करतो, कोणाचा खरेदीदाराकडे मुनीम आहे. दाखविण्याची जबाबदारी मामंजींनी घेतली. त्यांचे वय आता चौऱ्याहत्तर. दुकानाची सूत्रे यजमानांकडे गेली असली तरी सकाळी दहाला गादीवर येऊन बसण्याचा त्यांचा नेम चुकलेला नाही.

साडेदहाला आम्ही पोहोचलो. सिमेंटच्या लांब ओट्यांवर सोयाबीनचे पिवळट ढीग रांगेने ओतलेले होते. मध्येच तुरळक मुगाचा हिरवा ढीग, एखादा ज्वारीचा. दोन्ही हातांनी धुळीतून वाट काढावी असे ते दृश्य. हमाल डोक्याला फडके गुंडाळून पोती पाठीवर घेत होते. शेतकरी आपापल्या ढिगाजवळ उकिडवे बसलेले, आणि त्यांचे डोळे खरेदीदारांचा घोळका कोठवर आला याकडे. बेचाळीस मुलांची रांग पाहताच एक हमाल ओरडला, “आरं, आज शाळंचा लिलाव हाय का काय!” सगळा ओटा हसला आणि मुलांची भीड मोडली.

मामंजींनी सुरुवात केली ती रुमालापासून. पूर्वी खरेदीदार आणि आडत्या रुमालाखाली हात घालून बोटे दाबीत आणि भाव ठरवीत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असे, पण रुमालाखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नसे. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाने १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली, बाजारांचा कायदा केला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला आणि उघड लिलावाची रीत बसली. मामंजींनी सरांचा रुमाल मागून घेतला, एका मुलाचा हात त्याखाली धरला, दोन बोटे दाबली, मग मूठ वळली. “सांग, काय भाव झाला?” मुलगा गोंधळला. बाजूच्या मुलांना तर काहीच कळले नाही. “तुमच्या पणजोबांनाही असंच काही कळत नव्हतं,” मामंजी म्हणाले. आपल्याच धंद्याची ही जुनी गोष्ट ते इतक्या सहजपणे सांगतील, असे मला वाटले नव्हते.

मग लिलाव आला. घोळका एकेका ढिगापाशी थांबे. खरेदीदार ओंजळभर दाणे उचली, तळहातावर चोळी, फुंकर मारी, एखादा दाणा दाताखाली धरी. बोली चढे आणि अर्ध्या मिनिटात ढीग विकला जाई. वर्षभराचे पीक आणि अर्धे मिनिट! मुले वहीत आकडे टिपत होती. त्या दिवशी सौदे चार हजार शंभराच्या आसपास होत होते. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने नेमका प्रश्न विचारला: हमीभाव तर ४,८९२ आहे, मग इथं कमी कामून? त्याचे वडील आमच्या दुकानातलेच एक शेतकरी आहेत, हे मला नंतर कळले. मामंजींनी त्याला बराच वेळ दिला. हमीभाव हा सरकारी खरेदी केंद्राचा भाव. तेथे मालात बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ती मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली होती. येथला खरेदीदार मात्र तेलाचा आणि पेंडीचा बाजार बघून बोली लावतो, आणि तो बाजार परभणीत ठरत नाही. ओलावा मोजण्याचे यंत्र त्यांनी मुलांच्या हाती दिले. प्रत्येकाने मूठभर दाणे घालून आकडा वाचला. एकाचा तेरा आला, एकाचा सोळा. सोळावाल्या मुलाचा चेहरा पडला, जणू परीक्षेत नापास झाला.

इथवर सारे छान चालले होते. मी मनातल्या मनात मासिकासाठी एक गोड लेखही रचू लागले होते.

दुकानाच्या पायरीशी पत्र्याचा एक डबा असतो. प्रत्येक ढिगातून नमुन्यासाठी ताटलीभर माल दुकानात येतो. खरेदीदार तो पाहतो, सौदा होतो, माल काट्यावर जातो, आणि ताटलीतले दाणे त्या डब्यात पडतात. डबा मी अठरा वर्षे ओळखते, कारण तो संध्याकाळी घरी येतो. ज्वारी, गहू असेल तर सकाळी गच्चीवर पाखरांना घातला जातो. सोयाबीन, तूर, मूग साठवून विकतात आणि ते पैसे वहीत धर्मादा खात्यावर जमा होतात. ही चाल मामंजींच्या वडिलांपासूनची. सासूबाई हयात होत्या तेव्हा मला कौतुकाने सांगत, की आपल्या घरात मातीत पडलेला दाणाही धर्माला लागतो.

मुलींच्या रांगेतली एक सावळी, दोन घट्ट वेण्यांची मुलगी त्या डब्यापाशी थांबली होती. तिने मामंजींनाच विचारले, “आजोबा, हे नमुन्याचं सोयाबीन माघारी पोत्यात टाकतेत का?”

आजूबाजूला गलका होता, पण तेवढ्या जागेत तो थांबल्यासारखा झाला. यजमान वहीतून मान वर न काढता म्हणाले, “अगं, मूठभर तर असतं.” मुलगी उद्धट नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. वहीत तिने 'नमुना' असे लिहून पुढे जागा मोकळी ठेवली होती. मामंजींनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “नाही बेटा. टाकत नाहीत.” तिने ते लिहून घेतले. तेवढेच. रांग पुढे काट्याकडे गेली.

सोमवारी गणिताच्या सरांनी त्या शनिवारचे आकडे फळ्यावर घेतले. मुलांनी डबाही तोलून घेतला होता, हे मला तेव्हा कळले. आमच्या दुकानात त्या दिवशी चाळीस ढीग उतरले. डब्यात ५ किलो ६०० ग्रॅम भरले. म्हणजे ढिगामागे १४० ग्रॅम. एक्केचाळीस रुपये किलोने शेतकऱ्यामागे पावणेसहा रुपये, आणि डब्याचे दोनशे तीस. धाकटीने जेवताना हा हिशेब आम्हाला ऐकवला. तिच्या आवाजात अभिमान नव्हता की टीकाही नव्हती, गणित बरोबर आल्याचा आनंद होता. मीच हिशेब पुढे नेला. हंगामाचे पन्नास दिवस धरले तर साडेअकरा हजार. शाळेला दिलेले पंखे त्याच खात्यातून घेतलेले. पात्यांच्या मध्यभागी आमच्या घराण्याचे नाव रंगविलेले आहे, आणि ती मुलगी त्याच पंख्याखाली बसते.

त्या रात्री सामायिक झाल्यावर मामंजींनी मला बोलावले. म्हणाले, “मापात मी कधी पाप केलं नाही. काटा दर वर्षी तपासून घेतो. पण हे मी मोजतच नव्हतो, म्हणून ते मापात धरतच नव्हतो.” अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान येते, घेण्याचे आणि देण्याचे माप कमीजास्त ठेवणे. पर्युषणात ते आपण दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी त्यात आपल्याला काट्यात दगड लपविणारा कोणीतरी दुसराच दिसतो. यजमानांचे म्हणणे निराळे होते. पावणेसहा रुपयांनी कोणताही शेतकरी बुडत नाही, चाल सर्वांची आहे, एकट्याने मोडली तर बाकीच्यांना टोमणा मारल्यासारखे होईल. दोघांचाही राग मला समजत होता. त्या रात्री निकाल लागला नाही.

मधल्या शनिवारांबद्दल फार लिहीत नाही. एकदा मुले कृषी विद्यापीठात गेली. परभणीचे हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले आणि आज वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. आपल्या गावाचे नाव भेंडीला आहे, 'परभणी क्रांती', आणि ज्वारीलाही आहे, 'परभणी मोती', 'परभणी शक्ती', याचा मुलांना फार गर्व वाटला. 'शक्ती' ज्वारीत लोह आणि जस्त अधिक असते, हे ऐकून एका मुलाने, मग तिची भाकर लोखंडासारखी लागते का, असे विचारले. त्या दिवशी दोन वडील आले होते आणि दोघेही बराच वेळ फोनवर होते. असो.

जानेवारीतला शनिवार मात्र सविस्तर सांगितलाच पाहिजे. तो नेमगिरीचा होता. शालेय सहलीला एस.टी. निम्म्या भाड्यात मिळते, तशी बस केली. परभणीहून झरी, बोरी करीत जिंतूर हा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तूर काढणीला आलेली, हरभरा घाटे धरलेला, कापसाच्या पऱ्हाट्यांवर शेवटच्या वेचणीची पांढरी बोंडे. जिंतूरचे जुने नाव जैनपूर होते असे परंपरा सांगते. गावापासून तीन किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी हे अतिशय क्षेत्र पाहिलेले आहे. परंतु चाळीस मुलांबरोबर, त्यांतील अडतीस जैन नसलेल्या मुलांबरोबर, ते पाहणे ही वेगळीच यात्रा होती.

येण्याआधी आम्ही दोघी जैन आया चिंतेत होतो. पट्टे, चामड्याची पाकिटे बसमध्ये ठेवायला कसे सांगायचे? डब्यांत काय येईल? दर्शनाच्या वेळी गोंगाट झाला तर? प्रत्यक्षात गुहांच्या ठेंगण्या दारांनीच सगळे सांभाळले. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि आतल्या अंधाराने मुले आपोआप गप्प झाली. भगवान नेमिनाथांच्या भव्य पद्मासनस्थ मूर्तीपुढे ती उभी राहिली तेव्हा मी त्यांना वरातीची गोष्ट सांगितली: लग्नाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून राजकुमाराने रथ वळविला तो कायमचाच. मागून एका मुलाने हळूच विचारले, “मग ती जनावरं सोडली का?” त्याच्या घरी शेळ्या आहेत, हे सरांनी नंतर सांगितले. मी म्हटले, सोडली. तो बराच वेळ मूर्तीकडे बघत राहिला. मी पुढे काही बोलले नाही. बोलायला नकोच होते. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या गुहेत एवढी मोठी मूर्ती इवल्याशा दगडावर टेकली आहे, हे पाहण्यासाठी प्रत्येक जण जमिनीला गाल लावून खाली डोकावला. इतक्या लहान दारातून मूर्ती आत आणली कशी, या प्रश्नावर वर्गाचे दोन तट पडले. दार मागून लहान केले, असे एकांचे म्हणणे. मूर्ती आतच घडवली, असे दुसऱ्यांचे. तो वाद परतीच्या बसमध्येही चालू होता.

त्या दिवशी आमच्याबरोबर तिसरी एक आई होती. शाळेने पालकांकडून एक अर्ज भरून घेतला होता, 'आपण मुलांना काय शिकवू शकाल?' तिचा रकाना कोरा होता. ती कापूस वेचायला जाते, आणि वेचणीची मजुरी किलोवर असते; म्हणजे न गेलेल्या दिवसाचे पैसे बुडतातच, वर त्या आठवड्याचे कामही दुसरीच्या हाती जाते. आमच्या घरी शनिवार गेला तर गादीवर दुसरे कोणी बसते. तिचा शनिवार जातो तो जातोच. पालकसहभागाच्या सूचना लिहिणाऱ्यांनी हे गणितही कधीतरी फळ्यावर मांडावे.

टेकडी उतरताना मुलांनी एका झुडपाचे नाव विचारले. मला येईना, सरांनाही येईना. ती म्हणाली, “तरवड हाय हे.” मग तिचे बोलणे सुरू झाले ते पायथ्यापर्यंत थांबले नाही. हा पळस, याच्या पानाच्या पत्रावळी होतात. ही बाभूळ आणि तो हिवर, काटा बघून ओळखायचा. हे सीताफळ, याची पाने शेळी तोंडात धरीत नाही. मुले तिच्याभोवती मोहोळासारखी जमली, वह्या निघाल्या, आणि दोन पाने भरून नावे झाली. तिची मुलगी, म्हणजे तीच दोन वेण्यांची, सर्वांच्या मागून चालत होती. आईकडे ती अशी बघत होती, जशी मी मोंढ्यात त्या दिवशी मामंजींकडे बघत होते.

जेवायला झाडाखाली बसलो तेव्हा आम्ही दोघी सवयीने जरा बाजूला बसलो. त्या माउलीने येऊन एक पुडी पुढे केली. “ताई, तिळाची चटणी हाय. लसूण घातला न्हाई, कांदा न्हाई. तुमच्यात चालत न्हाई म्हून पोरीनं सांगितलं व्हतं.” ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चटणी आम्ही खाल्ली. माझ्या डब्यातल्या पुऱ्या तिच्या पानात गेल्या. बाजूला बसायचे कारणच उरले नाही. सूर्यास्तापूर्वीचे खाणे आम्ही परतीच्या वाटेवर बोरीजवळ बस थांबवून उरकले, तर सगळा वर्ग आमच्याबरोबर खायला उतरला. नियम म्हणून नव्हे. भूक लागली होती.

बसमध्ये सरांनी कर्मवीर भाऊराव पाटलांचा विषय काढला, माझ्याकडे पाहूनच काढला असावा. भाऊराव जन्माने जैन, कुंभोजचे. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करीत. मुलांना खाऊ घालायला पैसे उरले नाहीत तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकले. आपल्या सभागृहांत आपण भाऊरावांची तसबीर लावतो. पण ते मुलांबरोबर बसत, जेवत, त्यांना दटावीत, त्यांची आजारपणे काढीत. त्या दिवसांची पावती कोणी फाडत नाही, म्हणून ते आपल्या स्मरणिकांत येत नाहीत.

मामंजींनी डब्याचा निकाल लावला तो नेमगिरीनंतरच्या आठवड्यात. मी काही बोलले नव्हते. चटणीची गोष्ट मात्र धाकटीने सांगितली होती. काट्याजवळ आता पितळेची एक परात ठेवली आहे. नमुन्याची ताटली सौदा झाल्यावर परातीत न सांडता उपडी होते आणि पोते शिवण्याआधी परात त्या-त्या पोत्यात रिकामी केली जाते. हमालांना पहिल्या दिवशी ते काम वाढल्यासारखे वाटले, कारण ते खरेच वाढले. शेजारच्या गादीवरचे एक गृहस्थ म्हणाले, “काकाजी, पावणेसहा रुपयांसाठी परात?” मामंजी म्हणाले, “परात तर दोनशेची आहे.” यजमान अजून पूर्ण पटलेले नाहीत. बाकीच्या दुकानांशी यामुळे थोडे ताणले गेले आहे, हेही सांगितले पाहिजे. धर्मादा खाते बंद झालेले नाही. आता त्यात जे जाते ते दुकानाच्या नफ्यातून, वर्षअखेरीस, आकडा ठरवून. यंदा तो आकडा पूर्वीपेक्षा लहान निघाला. पाखरांची ज्वारी मी किराण्यातून आणते.

यंदाच्या दप्तरमुक्त दिवसांची यादी शाळेने पुन्हा पाठविली आहे आणि मोंढा त्यात पहिला आहे. जिंतूर, सेलू, मानवतच्या बंधू-भगिनींपैकी कोणाच्या गावच्या शाळेला आपल्या मोंढ्यात मुले न्यायची असतील, तर अनुभवाने एवढे सांगते: साडेदहाच्या आत पोहोचा, लिलाव सुरू झाल्यावर ओट्यावर उभे राहायला जागा उरत नाही. पाण्याच्या बाटल्या बरोबर द्या. धुळीने खोकणाऱ्या मुलांना कडेला, वाऱ्याच्या बाजूला उभे करा. आणि मुले डबा तोलायला मागतील, तर तोलू द्या.